प्रश्न क्रमांक चौदा

फॉर्म मीच भरला होता,
सावद्याला, बसस्टँडमागे, त्यांच्या दुकानाच्या फळीवर.
मार्च संपायला दोन दिवस उरले होते
आणि मला तीन पॉलिस्या कमी पडत होत्या.

प्रल्हादभाऊ फालक तराजू दुरुस्त करायचे.
वखारीचे माणूसभर काटे,
सोनारांचे काचेतले, फुंकरीनं हलणारे.
किलोचं माप तळहातावर घेऊन सांगायचे,
दोन ग्रॅम झिजलंय,
आणि मोहोर लावून आणल्याशिवाय परत द्यायचे नाहीत.

मधुमेह? नाही. दमा? नाही. फिट्स? नाही.
तेराव्यापर्यंत मी मोठ्यानं वाचत आले.
चौदावा होता:
मूत्रमार्ग, प्रोस्टेट, जननेंद्रियं, यांचा काही त्रास?

समोर भाऊ.
त्यांची शैला आणि मी एका बाकावरच्या.
सहावीत असताना त्यांनी मला गंमत म्हणून
गुळाच्या काट्यावर बसवून तोललं होतं,
एकवीस किलो आणि वर चप्पल.

मी खोकले.
‘नाही’वर टिक केली.
त्यांनीही नेमकं तेव्हाच रस्त्याकडे पाहिलं,
कोणी गिऱ्हाईक येतंय असं.

नऊ वर्षं हप्ता चुकला नाही.
आता मणक्यात आहे, खुब्यात आहे.
इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या,
उरलंय ते ल्युटेशियम, मुंबईला, सहा डोस.
बिलिंगच्या मुलीनं आकडा उच्चारलाच नाही,
कॅलक्युलेटर आमच्याकडे फिरवला.
डॉक्टर म्हणाले, हे औषध साठवून ठेवता येत नाही,
साडेसहा दिवसांत आपोआप निम्मं होतं.
भाऊंनी विचारलं, मग तोलता कधी?
डॉक्टर पहिल्यांदा खुर्चीत नीट बसले.

पत्र साध्या पोस्टानं आलं.
‘विमाधारकाने पूर्वीचा आजार दडवला, सबब दावा नामंजूर.’
सोबत झेरॉक्स:
फैजपूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी,
पॉलिसीच्या सात महिने आधीची.
रात्री चार-पाच वेळा उठावं लागतं.
गोळ्या, दहा दिवस.
त्याखाली माझी टिक,
शेपटी लांब, घाईतली.

जळगावच्या ऑफिसात साहेबांनी दार लोटून घेतलं.
म्हणाले, मॅडम, सही त्यांची आहे, तुमची नाही.
यात पडू नका. कोड जाईल.
टेबलावर माझ्याच नावाची ट्रॉफी होती,
त्या मार्चची.

संध्याकाळी सावद्याला उतरले.
कुसुमवहिनी भाकरी थापत होत्या.
भाऊ खाटेवर, कुशीखाली उशी,
हातात एक जुनं पावशेर, पितळेचं, नुसतंच.
मी पिशवीतून फॉर्मची प्रत काढली,
चष्मा लावला,
आणि नऊ वर्षं उशिरा
चौदावा प्रश्न मोठ्यानं वाचला. पूर्ण. एकही शब्द न गाळता.

आत भाकरीचा आवाज थांबला.

‘व्हता,’ भाऊ म्हणाले.
‘वरीसभर व्हता. शैलीच्या मायलेबी सांगितलं नव्हतं.’
मी विचारलं, तेव्हा विचारलं असतं तर?
ते बराच वेळ पावशेर फिरवत राहिले.
‘तुले?’ म्हणाले,
‘तुले नसतं सांगितलं, पोरी.’

मी पेन खाली ठेवलं.
लोकपालांना द्यायचं प्रतिज्ञापत्र,
शंभराचा स्टॅम्प, रावेरहून आणलेला,
त्यावर एकच वाक्य हवं होतं:
एजंटनं प्रश्न विचारलाच नाही.
वकिलांनी बजावलं होतं, एवढंच. पुढं काही नको.

‘मंग काय लिहू?’
‘दोन्ही लिही.’
‘भाऊ, त्यानं केस ढिली पडेल.’
‘मापात पाप नको,’ ते म्हणाले,
आणि कूस बदलताना
खाटेची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

वहिनी पिठाच्या हातानं दारात आल्या.
भाऊंकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही.
म्हणाल्या, वरीसभर?

दोन्ही लिहिलं.
पाकीट पुण्याला जाऊन आज एकोणीस दिवस झाले.
मी साडेसहानं भागून बघते,
आणि पुन्हा पहिल्यापासून मोजते.